विकीद्वारे सहाध्ययन : पुण्याच्या प्रयोगाचे परीक्षण

प्रास्ताविक :
अनेकांनी मिळून लिहावे व एकमेकांचे लेखन सुधारावे अशी सोय असलेले संकेतस्थळ म्हणजे विकी. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. २००१ मध्ये विकिपीडिया व २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. विकी वापरला की विद्यार्थी सहकार्याने शिकतात, असे मत नेहमी मांडले जाते. प्रस्तुत लेखात ते एका प्रत्यक्ष प्रयोगाच्या आधारे तपासले आहे.

पुण्याचा प्रयोग :
२०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील काही महाविद्यालयांत प्रायोगिक उपक्रम राबविला. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावयाचे होते. पुष्कळांनी इतरत्र प्रसिद्ध झालेला मजकूर जसाच्या तसा उतरविला. तो शोधून काढण्याचा भार स्वयंसेवक संपादकांवर पडला आणि वर्ष संपण्यापूर्वीच उपक्रम थांबवावा लागला.

परीक्षण :
याचा दोष केवळ विद्यार्थ्यांना देणे योग्य नाही. नोट्स उतरवून घेणे व परीक्षेत त्याच लिहिणे, यालाच आपल्याकडे बहुधा अभ्यास समजले जाते. ही सवय कायम ठेवून फक्त साधन बदलले. तयार लेखाला गुण असतील तर विद्यार्थी तयार लेखच आणून देणार. आज तर तो कृत्रिम बुद्धिमत्तेकडून क्षणात मिळतो. वास्तविक विकीचे शैक्षणिक मूल्य ‘इतिहास’ व ‘चर्चा’ या पानांत आहे. कोणी, केव्हा व काय बदलले हे पहिल्यात, तर का बदलले हे दुसऱ्यात दिसते. मूल्यमापन याचे व्हावे.

खानापूरच्या संदर्भात :
आपल्या भागात एकाच वर्गात मराठी, कन्नड व उर्दू भाषक विद्यार्थी असतात. संगोळ्ळी रायण्णा यांना १८३१ मध्ये नंदगड येथे फाशी देण्यात आली. या एका विषयावरील निरनिराळ्या भाषांतील लेखन ताडून पाहावयाचे तर विद्यार्थ्यांना एकमेकांची गरज लागेलच. हलशीचे कदंबकालीन मंदिर, कणकुंबी येथील मलप्रभेचा उगम, खानापूरचे कुंभारकाम हेही विषय घेता येतील. मात्र विकिपीडिया प्रकाशित संदर्भ मागतो. कुंभाराने तोंडी सांगितलेली माहिती तेथे टिकत नाही. म्हणून प्रथम महाविद्यालयाचा स्वतःचा छोटा विकी असावा व संदर्भांनी सिद्ध झालेला भागच पुढे विकिपीडियावर जावा.

निष्कर्ष :
विकीमुळे सहकार्य आपोआप घडत नाही. शिक्षकाने गटाची कामे वाटून द्यावीत, संदर्भ देण्यास शिकवावे आणि दर आठवड्याला इतिहासाचे पान स्वतः वाचावे. एवढा वेळ देता येत नसेल, तर हा प्रयोग हाती न घेणेच इष्ट.