राष्ट्राध्यक्ष आणि विधिनिर्मिती : विल्सन यांच्या प्रतिपादनाची मर्यादा

वुड्रो विल्सन यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘काँग्रेशनल गव्हर्नमेंट’ या ग्रंथात, अमेरिकेतील खरी सत्ता काँग्रेसच्या स्थायी समित्यांकडे आहे, असे प्रतिपादिले आहे. विधिनिर्मितीत राष्ट्राध्यक्षाचे मुख्य बळ त्यांना नकाराधिकारात दिसले. समित्यांच्या कारभाराचे त्यांचे विश्लेषण आजही मार्मिक वाटते. तथापि नकाराधिकाराने विधेयक अडविता येते, घडविता येत नाही. आणि या घडविण्याच्या शक्तीचाच विचार ग्रंथात अपुरा राहिला आहे.

१९०८ च्या ग्रंथात विल्सन यांनी स्वतःच हे मत बदलले. पुढे राष्ट्राध्यक्ष या नात्याने एप्रिल १९१३ मध्ये ते आयात-जकातीच्या सुधारणेसाठी काँग्रेससमोर जातीने बोलले. १८०० नंतर असे प्रथमच घडत होते. त्याच वर्षी जकातीचा व फेडरल रिझर्व्हचा, असे दोन्ही कायदे संमत झाले. उलट १९१९ मध्ये मद्यबंदीच्या व्होल्स्टेड विधेयकावरील त्यांचा नकाराधिकार काँग्रेसने दोनतृतीयांश मतांनी निष्प्रभ केला. १९१३ मध्ये दोन्ही सभागृहांत त्यांच्या पक्षाचे बहुमत होते. १९१९ मध्ये ते उरले नव्हते.

तात्पर्य, राष्ट्राध्यक्षाचा प्रभाव केवळ संविधानाच्या कलमांवरून मोजता येत नाही. ग्रंथाची ही उणीव ग्रंथकाराच्याच कारकीर्दीने उघड केली, हे अभ्यासकांनी ध्यानी घ्यावयास हवे.