लोकवर्गणीचा सिनेमा: पैसा जमतो, पडदा मिळत नाही

दादासाहेब फाळके 1912मध्ये लंडनला गेले ते विम्याची पॉलिसी गहाण ठेवून. परतल्यावर भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली. तरीही ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा होईपर्यंत पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने घरात राहिले नाहीत. जवळजवळ शंभर वर्षांनी हीच कहाणी परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त मांडली आणि त्यांनाही राहते घर गहाण टाकावे लागले. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी वडिलोपार्जित जमीन विकली. पुढे या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले, म्हणून आपल्याला ही हकिगत ठाऊक झाली. जमीनही गेली आणि चित्रपटही डब्यात गेला, अशांच्या हकिगती कोणी छापत नाही.

या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. ज्याच्याकडे विकायला जमीन नाही आणि मोडायला दागिना नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न त्या कौतुकात राहून जातो. सरकारी अनुदान मिळते, पण ते चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉरचे प्रमाणपत्र हाती आल्यावर. बडा निर्माता कथेच्या आधी नटाचे नाव विचारतो. मग उरतो तिसरा रस्ता: एकाने सर्वस्व पणाला लावण्याऐवजी हजारोंनी थोडे थोडे द्यायचे. क्राउडफंडिंग या नावाने गेली पंधरा वर्षे त्याची चर्चा आहे. वाट मात्र त्याहून बरीच जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये जॉन कॅसाव्हेटीसने 1957मध्ये जीन शेफर्डच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात श्रोत्यांना डॉलर-दोन डॉलर पाठवायला सांगितले आणि खरोखरच दोन हजारांच्या वर डॉलर जमले. त्यातून ‘शॅडोज’ सुरू झाला. आपल्याकडचे आद्य उदाहरण अर्थातच ‘मंथन’.

श्याम बेनेगल यांचा हा 1976चा चित्रपट गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन निर्माण केला, हे वाक्य इतक्यांदा उद्धृत झाले आहे की त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडायला हवा. पाच लाख माणसांना कोणी घरोघर जाऊन पटवले नव्हते. व्हर्गीस कुरियन यांच्या दूध महासंघाने ठरवले आणि एका दिवसाच्या दुधाच्या पैशांतून 2 रुपये कमी घेतले गेले. ही उत्स्फूर्त देणगी होती की संस्थेने केलेली कपात? माझ्या मते दोन्हीच्या मधले काही तरी. पण पैसे दिलेले शेतकरी गाड्या भरभरून ‘आपला’ चित्रपट पाहायला आले, हेही तितकेच खरे. संकलन केंद्रे आणि रोजचा हिशेब आधीपासून होता. चित्रपटाने त्या तयार जाळ्याचा उपयोग करून घेतला.

त्याहून मोलाची गोष्ट पटकथेत आहे. ज्यांचा पैसा त्यांची आरती, असे पटकथाकार विजय तेंडुलकरांनी केले नाही. पशुवैद्य डॉ. राव गावात दूध सोसायटी उभी करतात ती मिश्राच्या खासगी डेअरीच्या नाकावर टिच्चून. पण सोसायटी उभी राहताच गावातली जात उघडी पडते. सरपंच निवडणूक हरतो, दलित वस्तीला आग लागते, साहेबांची बदली होते. शेवटी दलित वस्तीतला भोला उरलेल्या माणसांना घेऊन पुन्हा उभा राहतो. सहकाराच्या पैशाने काढलेल्या चित्रपटात सहकार जवळजवळ मोडून पडलेला दिसतो. आज एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून निघालेल्या चित्रपटात हे चालवून घेतले जाईल का? पैसा अनेकांचा असला की कोणा एकाचा शब्द अखेरचा ठरत नाही. लोकवर्गणीचा हा सर्वांत मोठा कलात्मक फायदा आहे आणि ‘मंथन’ त्याचा पुरावा आहे.

दुसरा टप्पा केरळमधला. जॉन अब्राहम पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, ऋत्विक घटक यांच्या तालमीतले. त्यांनी मित्रांसह 1984मध्ये ‘ओडेसा’ नावाचा गट काढला. गावोगाव जायचे, पथनाट्य करायचे, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायचा आणि जमलेल्यांसमोर झोळी फिरवायची, अशी त्यांची रीत. त्यातून 1986चा ‘अम्मा अरियान’ झाला. एका तरुणाने गळफास घेतलेला असतो आणि पुरुषन नावाचा त्याचा ओळखीचा माणूस ती बातमी त्याच्या आईला द्यायला निघतो. वाटेत मृताचा एकेक मित्र भेटतो, प्रत्येक जण सोबत चालू लागतो आणि कोचीला पोहोचेपर्यंत त्यांचा जथा झालेला असतो. पैसे जसे जमले तसाच चित्रपटही जमत जातो. निर्मितीची पद्धत आशयात इतकी मुरलेला दुसरा भारतीय चित्रपट मला सुचत नाही. ओडेसाने तो फुकट, गावोगाव फिरून दाखवला. पण 1987मध्ये जॉन अपघातात गेले आणि चळवळीचा जोर ओसरला. एका माणसाभोवती उभ्या राहिलेल्या गटाची मर्यादाही इथेच कळते.

इंटरनेट आल्यावर झोळी फिरवायला गावात जायची गरज उरली नाही. ओनिर आणि संजय सुरी यांनी ‘आय अ‍ॅम’साठी फेसबुकवर आवाहन केले आणि जगभरातल्या सुमारे 400 जणांनी हातभार लावला. समलैंगिकतेपासून बालकांच्या लैंगिक शोषणापर्यंत जे विषय नेहमीचा निर्माता लांबूनच नमस्कार करून टाळतो ते या चित्रपटात आले आणि त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मग कन्नडमध्ये पवन कुमार यांनी ‘लुसिया’साठी थेट प्रेक्षकांना हाक दिली: 27 दिवसांत 110 जणांनी सुमारे 50 लाख रुपये दिले. या चित्रपटाचा नायक पडक्या चित्रपटगृहात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत नेणारा पोरगा आहे. त्याची झोप उडालेली आहे आणि गोळी घेतली की तो स्वप्नात चित्रपटतारा होतो. त्या ताऱ्याचे आयुष्य कृष्णधवल आहे, बॅटरीवाल्याचे रंगीत. प्रेक्षकांच्या पैशाने निघालेल्या चित्रपटात चित्रपटगृहातला सर्वांत दुर्लक्षित माणूस मध्यभागी यावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. 2013च्या लंडन भारतीय चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांनी त्यालाच पसंती दिली.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहू. ‘मंथन’ला 5 लाख माणसे, ‘आय अ‍ॅम’ला 400, ‘लुसिया’ला 110. ‘लुसिया’ची सरासरी काढली तर माणशी 45 हजारांच्या आसपास जाते. याला छोटी देणगी कोण म्हणेल? भाषा लोकसहभागाची राहिली आणि लोक कमी होत गेले. इंटरनेटने पोहोच वाढवली खरी. पण पैसे देतात ते ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे. शहरात वाढलेल्या, इंग्रजीत सफाईने आवाहन लिहू शकणाऱ्या, परदेशात वर्गमित्र असलेल्या दिग्दर्शकाला ही वाट सोपी. माणदेशातल्या किंवा मराठवाड्यातल्या पोराच्या यादीतले मित्र त्याच्याइतकेच कडके असतात. म्हणून त्याच्यापुढे आजही जमीनच येते.

अमेरिकेत याचे दुसरे टोक दिसले. ‘व्हेरोनिका मार्स’ या बंद पडलेल्या मालिकेवर चित्रपट व्हावा म्हणून 2013मध्ये किकस्टार्टरवर 91,585 चाहत्यांनी 57 लाख डॉलर दिले. मालिकेचे हक्क मात्र वॉर्नर ब्रदर्सकडे होते. म्हणजे जोखीम चाहत्यांनी उचलली आणि मालकी स्टुडिओची राहिली. चाहत्यांना टी-शर्ट, पटकथेची प्रत आणि चित्रपट मिळाला. ते खूशही होते. पण यात स्वतंत्र सिनेमाचे काय भले झाले?

देणारा नेमके कशाला देतो, हाही कळीचा प्रश्न. खुशबू रांका आणि विनय शुक्ला यांनी आम आदमी पक्षाच्या जन्मावरच्या माहितीपटासाठी 20 हजार डॉलर मागितले आणि त्यांना 1 लाख 20 हजारांच्या वर मिळाले. हा प्रतिसाद माहितीपट या कलेला होता की त्या वेळच्या राजकीय उत्साहाला? बऱ्याच अंशी दुसऱ्याला. दिग्दर्शकांचे श्रेय हे, की ‘अ‍ॅन इनसिग्निफिकंट मॅन’ प्रचारपट झाला नाही. बैठकांमधली धुसफूस आणि नेत्याचा हेकाही त्यात दिसतो. सेन्सॉर मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी संबंधित नेत्यांची ना-हरकत पत्रे मागितली, अपील न्यायाधिकरणाने ती अट काढली, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि नोव्हेंबर 2017मध्ये चित्रपट लागला. ते न्यायाधिकरण 2021मध्ये बंद झाले. आता असा वाद थेट उच्च न्यायालयात जातो आणि वकिलाच्या फीसाठी वेगळी वर्गणी काढावी लागेल अशी स्थिती आहे.

कायद्याची दुसरीही अडचण आहे. देणाऱ्याला नफ्यात वाटा द्यावा, हे न्याय्य वाटते. पण हजारो लोकांकडून पैसे घेऊन परताव्याचे वचन दिले की तो गुंतवणुकीचा व्यवहार होतो. कंपनी कायदा 2013च्या कलम 42नुसार खासगीरीत्या समभाग देऊ करण्याला वर्षाकाठी 200 माणसांची मर्यादा आहे. सेबीने 2014मध्ये क्राउडफंडिंगवर चर्चापत्र काढले, 2016मध्ये परवानगी नसलेल्या व्यासपीठांपासून गुंतवणूकदारांना सावध केले. छोट्या चित्रपटाला सोयीची चौकट काही आली नाही. परिणामी उरते ती देणगी किंवा बक्षीस: श्रेयनामावलीत नाव, सही केलेले पोस्टर, पहिल्या खेळाचे आमंत्रण. विशबेरीसारख्या मंचाने या चौकटीत चांगले प्रयत्न केले. ‘पुण्यकोटी’ हा संस्कृत अ‍ॅनिमेशनपट त्यातूनच उभा राहिला. पण देणगीच्या बाजारात चित्रपटाची गाठ आता रुग्णालयाच्या बिलांशी पडते. एका बाजूला लहान मुलाची शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या बाजूला कुणाची पहिली फिल्म असेल तर पैसे कुठे जाणार, हे उघड आहे. आणि जायलाही तिथेच हवेत.

श्रेयनामावलीत ज्यांच्या नावापुढे रक्कम नसते अशा देणगीदारांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. कॅमेरामन निम्म्या मानधनावर येतो, ध्वनिमुद्रक ‘नंतर बघू’वर, सहायक चहा-जेवणावर. अशा चित्रपटाचे बजेट कमी दिसते ते यांच्यामुळे. हजार रुपये देणाऱ्याचे आभार पडद्यावर मानले जातात. तीन महिने फुकट राबलेल्या सहायकाची मजुरी मात्र देणगीतही धरली जात नाही आणि देण्यातही. पारदर्शक हिशेबाची भाषा करणाऱ्या आवाहनांत मी ही ओळ क्वचितच पाहिली आहे.

आणि एवढे करून चित्रपट पुरा झाला तरी पुढे काय? खरी गोची इथे आहे. क्राउडफंडिंगने निर्मितीचा पैसा जमतो. पडदा जमत नाही. डिजिटल प्रक्षेपणाचे पडद्यागणिक शुल्क, जाहिरात, दुपारी बाराचा एकच खेळ, सोमवारी तोही काढलेला, ही छोट्या चित्रपटाची ठरलेली वाट. ओटीटी मंचही हल्ली चित्रपटगृहात लागला का, नट कोण, हे विचारतात. म्हणून ज्यांनी प्रदर्शनाचा विचार पैसे मागतानाच केला ते मला महत्त्वाचे वाटतात. सनलकुमार शशिधरन यांनी केरळात ‘काळ्च चलच्चित्र वेदी’ या आपल्या गटामार्फत ‘ओरालप्पोक्कम’ लोकवर्गणीतून केला, राज्याचा सर्वोत्तम दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळवला आणि चित्रपट गाडीत घालून गावोगाव नेला. गोव्यात बार्डरॉय बार्रेटो यांनी ‘नाचुंया कुंपासार’ मित्र-हितचिंतकांच्या पैशांवर पूर्ण केला. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या काळाची आठवण जागवणारा हा कोकणी चित्रपट सभागृहांत तिकीट लावून दाखवला आणि परदेशातल्या गोवेकरांपर्यंतही नेला. उत्तरेत गोरखपूरला 2006पासून ‘प्रतिरोध का सिनेमा’चे महोत्सव कंपन्यांचा किंवा सरकारचा पैसा न घेता होत आले आहेत. या तिन्ही ठिकाणी देणारा आणि पाहणारा एकच आहे. म्हणूनच ते टिकले.

मराठीत वर्गणीची सवय मुळीच कमी नाही. गणपतीपासून ग्रंथालयापर्यंत आपण पावती फाडत आलो आहोत. सहकार तर घराघरात आहे. पण ‘मंथन’च्या एक वर्ष आधी तेंडुलकरांनीच ‘सामना’त आपल्या साखर कारखानदारीचा जो चेहरा दाखवला त्याकडे पाहिले, की सहकाराने इथे चित्रपटाला पैसा का दिला नसावा याचा अंदाज येतो. राहता राहतात फिल्म सोसायट्या. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ 1968पासून उभे आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत लहान मंडळे आहेत. त्यांच्याकडे सभासद आहेत, वर्गणी गोळा करायची यंत्रणा आहे, प्रोजेक्टर आहे आणि चित्रपटावर तासभर भांडणारा प्रेक्षक आहे. अशा मंडळांनी मिळून हजार सभासदांकडून वर्षाला 500 रुपये बाजूला काढले तर 5 लाख होतात. त्यात चित्रपट होणार नाही. पण अडलेल्या चित्रपटाचे ध्वनिसंस्करण होईल किंवा तयार चित्रपट वीस गावांत नीट दाखवला जाईल. आजच्या घडीला ही मदत अधिक गरजेची आहे.

माझे मत स्पष्ट आहे: एकट्या दिग्दर्शकाने अनोळखी गर्दीपुढे हात पसरण्याचा प्रकार आपल्याकडे फार पुढे जाणार नाही. संघटित प्रेक्षकाने आधीच तिकीट काढून ठेवण्याचा प्रकार जाऊ शकतो. तेव्हा पुढच्या वेळी कोणी चित्रपटासाठी पैसे मागितले तर तीन गोष्टी विचारा. काम करणाऱ्यांना मजुरी मिळणार आहे का? हिशेब कधी आणि कुठे मांडणार? आणि हा चित्रपट आम्ही कुठे पाहायचा? तिन्ही उत्तरे पटली तर खुशाल खिशात हात घाला, आणि चित्रपट लागेल तेव्हा चार माणसे घेऊन पाहायला जा.