धातूचें घर : दर्शनी चित्र आणि उभा छेद

पुस्तकाचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें; परंतु ज्यांत मनुष्याचें अवघें आयुष्य जातें त्या घराविषयीं ‘छान दिसतें’ एवढ्या दोन शब्दांत आमच्याकडे निकाल लागतो. रानांत बांधावयाच्या नव्या पद्धतीच्या घरांस बाहेरून धातूचा पत्रा मढविण्याची रीत आतां सुशिक्षित कुटुंबांस मोह घालूं लागली आहे. झाडांच्या गर्दींत उभें असलेलें तें करडें, निर्विकार घर चित्रांत मनोहर दिसतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु चित्राला ऊन लागत नाहीं, आणि टीकाकारानें विचार करावयाचा तो उन्हाचा.

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्याच्या सुलतानपुरासारख्या गांवीं हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाहीं. पत्र्याचें घर ही तिकडे नवलाई नव्हे. वऱ्हाडांत त्यास ‘टिनाचें घर’ म्हणतात, आणि त्या शब्दांत थोडी कीवच असते. जुनें घर धाब्याचें : लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि वर मातीचा जाड थर. दुपारचें ऊन त्या थरांतून आंत उतरेपर्यंत संध्याकाळ होई. पुढें लांकूड महागलें, धाब्याची दरवर्षींची डागडुजी अवघड झाली, आणि टीन आलें. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा एकेरी पत्रा उष्णता थोपविणार ती कशी? वैशाखांत त्याखालीं बसलेल्या म्हातारीच्या डोक्यावर जणुं दुसरा सूर्यच उगवतो. आणि पावसाळ्यांत छपरावरील ताशापुढें घरांतलें बोलणें ऐकूं येत नाहीं.

म्हणून पत्राच दोषी, असें मात्र कोणी समजूं नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्यांत हजारों माणसें गेलीं, तीं बहुतांशीं जाड दगडी भिंती आणि मातीचीं जड छपरें अंगावर कोसळून. जें माळवद उन्हापासून राखी, तेंच त्या रात्रीं काळ झालें. हलकेपणा हा पत्र्याचा मोठा गुण आहे. तो जळत नाहीं, हा रानांतल्या घराच्या दृष्टीनें दुसरा गुण.

रानाविषयींही एक भ्रम दूर केला पाहिजे. झाडींत घर बांधलें म्हणजे सावली आपोआप मिळेल, असें गृहीत धरलें जातें. परंतु बुलढाण्याकडील रान पानगळीचें. साग, सालई हीं झाडें ऐन उन्हाळ्यांत उघडींबोडकीं असतात. सावलीची गरज सर्वांत अधिक तेव्हांच ती नाहीशी होते, आणि खालीं वाळल्या पानांचा सडा वणव्याची वाट पाहत असतो. सदाहरित रानांतील घराचें चित्र येथें उतरवून घेणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें.

याच धातूनें दूरदेशीं काय साधलें, तेंही पाहूं. ऑस्ट्रेलियाचे ग्लेन मर्कट यांनीं सिडनीजवळच्या रानांत दोघां चित्रकारांसाठीं नालीदार पत्र्याचें घर बांधलें. तें १९८३ च्या सुमारास पुरें झालें. पोलादी पायांवर उचललेल्या त्या घरानें खालचा खडक फोडला नाहीं, आणि पानांनीं तुंबूं नयेत म्हणून पन्हळी मुद्दाम रुंद केल्या. मर्कट यांस २००२ सालीं प्रिट्झ्कर पारितोषिक मिळालें. त्यांच्या आधीं फ्रान्सचे झां प्रूव्हे यांनीं १९४९ ते १९५१ या काळांत आफ्रिकेसाठीं पोलाद व अॅल्युमिनियम यांचीं तीन घरें केलीं. नियामे आणि ब्राझाव्हिल येथें तीं उभीं राहिलीं. त्यांचें मर्म दुहेरी छपरांत होतें : दोन थरांमधून हवा खेळे आणि वरचा ताप आंत येण्यापूर्वींच वाहून नेई. परंतु तीं स्वस्त पडलीं नाहींत, व काम तेथेंच थांबलें. त्यांपैकीं एक घर २००७ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत सुमारें ५० लक्ष डॉलरांस गेलें. टंचाईवर तोड म्हणून योजलेलें घर संग्राहकाची वस्तू झालें! संग्राहकानें धातू विकत घेतला. त्यांतली कल्पना अजून फुकट आहे.

ती कल्पना सुलतानपुरास परवडणार नाहीं असें नाहीं. पत्र्यास वरून पांढरा रंग, त्याखालीं वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचें दुसरें आवरण, आणि वळचणीपाशीं व आढ्यापाशीं हवेस मोकळी वाट. एवढ्यानें दुपार सुसह्य होते आणि पावसाचा ताशाही मंदावतो. श्रीमंताच्या रानघरांत ही पोकळी नसेल, तर तें महागडें टिनाचें घरच होय. गरिबाच्या घरांत ती असेल, तर त्याची कीव करण्याचें कारण उरत नाहीं.

यास्तव आमची वाचकांस विनंती एवढीच कीं, घराचा आराखडा पुढें आला म्हणजे दर्शनी चित्रावर लुब्ध न होतां आधीं उभा छेद मागावा, आणि छपराच्या दोन थरांमध्यें बोट ठेवून विचारावें : येथून हवा कशी जाणार? रचनाकारास त्याचें उत्तर देतां आलें, तर मग रंगरूपाची चर्चा खुशाल करावी.