मुखवटा काढल्यावर कोण निघतो?

शिमग्याला मुंबईहून आलेला माझा मामेभाऊ कशेडीच्या घराच्या ओटीवर बसून मोबाईलवर 'द मास्क ऑफ झोरो' बघत होता, हिंदीत डब केलेला. आठवीतला पोरगा. दर पाच मिनिटांनी सिनेमा थांबवायचा आणि प्रश्न टाकायचा. "दादा, झोरो खरा होता का?" "दादा, तलवारी ते स्वतः चालवतात?" आणि शेवटी, "आपल्यात असा कोण का नाय?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. झोरो खरा नव्हता. जॉन्स्टन मॅकली या अमेरिकन लेखकाने १९१९ मध्ये एका स्वस्त साप्ताहिकासाठी क्रमशः कथा लिहिली, तिचा हा नायक. स्पॅनिशमध्ये झोरो म्हणजे कोल्हा. गंमत म्हणजे त्या पहिल्याच कथेच्या शेवटी तो सगळ्यांसमोर मुखवटा काढतो, म्हणजे विषय संपला होता. पण १९२० मध्ये डग्लस फेअरबँक्सने त्यावर सिनेमा काढला, तो तुफान चालला, आणि मॅकलीला झोरो पुन्हा उभा करावा लागला. बॅटमॅनच्या कथेत लहानगा ब्रूस आईबापांसोबत जो सिनेमा बघून बाहेर पडतो, तो झोरोचाच.

पण १९९८ च्या सिनेमात एक खरा माणूस लपलेला आहे. वाकिन मुरिएता. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यानंतरच्या धामधुमीतला हा मेक्सिकन दरोडेखोर. १८५३ मध्ये हॅरी लव्ह नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीने वाकिनला मारल्याचा दावा केला आणि त्याचं म्हणून एक मुंडकं बरणीत घालून गावोगाव दाखवलं. सिनेमातला कॅप्टन लव्ह आणि ती बरणी तिथून आलीय. फक्त सिनेमा घडतो १८४१ मध्ये, आणि सोनं सापडलं १८४८ ला. ही चूक मी माफ करतो. मला खटकतं ते वेगळंच.

नेहमीचा झोरो म्हणजे डॉन दिएगो, बडा जमीनदार. रात्री गरिबांसाठी लढायचं, सकाळी हवेलीत नाश्ता. १९९८ च्या सिनेमाने हे मोडायचं धाडस केलं: मुखवटा वाकिनच्या भावाला, म्हणजे एका चोराला दिला. हा भाऊ अलेहांद्रो सिनेमाने रचलेला आहे, पण कल्पना झकास. मग काय होतं? म्हातारा झोरो त्याला तलवारीसोबत चालणं, बोलणं, मेजवानीत वागणं शिकवतो. शेवटी डॉनची मुलगी त्याची बायको, आणि तो हवेलीत पाळण्याजवळ बाळाला गोष्ट सांगतोय. मुखवटा चोराला मिळाला खरा, पण चोर डॉन झाल्याशिवाय सिनेमाला चैन पडलं नाही.

(तलवारींचं: बँडेरासला बॉब अँडरसनने तयार केलं. हा माणूस ऑलिम्पिकला तलवारबाजी खेळलेला, आणि 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये लढताना डार्थ व्हेडरच्या पोशाखात तोच होता. भावाला हे सांगितल्यावर माझा भाव एकदम वाढला.)

आता तिसरा प्रश्न. आपल्यात होते की, आपणच विसरलो. मास्टर विठ्ठल यांना तेव्हा भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. राजापूरकर नाटक मंडळीत बालनट, मग कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या कंपनीत, आणि १९२४ च्या 'कल्याण खजिना'त चक्क नर्तकीच्या वेषात. पुढे शारदा कंपनीच्या तलवारबाजीच्या मूकपटांनी त्यांना असं मोठं केलं की १९३१ च्या 'आलम आरा'त नायक तेच. शारदाने करारावरून कोर्टात खेचलं, तेव्हा त्यांचे वकील होते महंमद अली जिना. पण बोलपट आला आणि अंगातली चपळाई पुरेना, जिभेचं काम सुरू झालं. 'आलम आरा'त त्यांचं पात्र बराच वेळ शुद्धीवरच नसतं, ते याचसाठी असं सांगतात.

त्याच वर्षीचा 'दिलेर जिगर' हा वाचलेल्या मोजक्या मूकपटांपैकी एक. त्यात मुखवटा चढवते नायिका, ललिता पवार. हो, 'रामायण' मालिकेतली मंथरा. चार वर्षांनी वाडिया मूव्हिटोनच्या 'हंटरवाली'त नादियाने तेच केलं, हातात चाबूक घेऊन. होमी आणि जेबीएच वाडिया फेअरबँक्सचे भक्त, त्यामुळे नक्कल म्हणायची तर म्हणा. पण मुखवटा बाईच्या तोंडावर बसवणं ही नक्कल नाही. १९३५ साली मर्दांना उचलून आपटणारी बाई बघायला लोकांनी गर्दी केली.

तरीही माझी तक्रार तिथेही तीच. 'दिलेर जिगर'चा नायक रस्त्यावर कसरती करतो, पण निघतो राजपुत्र. हंटरवालीचा मुखवटा काढला की खाली राजकन्या माधुरी. अन्याय फक्त राजरक्तालाच मोडता येतो, हे गृहीतक साता समुद्रापलीकडे आणि इथे सारखंच. पडद्यामागे मात्र उलटं: नादिया सर्कशीत काम केलेली, विठ्ठल नाटक मंडळीतले, आणि नंतर स्वस्त स्टंटपट काढणारे भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा. कथा राजवाड्याच्या आणि त्यासाठी हाडं मोडून घेणारे साधे लोक.

हे सगळं मी भावाला सांगत होतो, त्याचं अर्धं लक्ष नव्हतं. वरच्या वाडीकडून ढोल ऐकू आला. खेळे आले. पुढे संकासुर: काळा झगा, तोंड झाकलेलं, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात दोर. पुराणात वेद चोरणारा शंखासुर, म्हणजे मुळात चोरच. त्याला कोणी डॉन करायला जात नाही. त्याने दोर गरगर फिरवला तशी पोरं किंचाळत पळाली, म्हाताऱ्यांनी हात जोडले.

भाऊ माझ्यामागे लपला होता. थोड्या वेळाने वाकून त्याने संकासुराचे पाय बघितले.

"दादा, हा आपला पाणी सोडणारा काका ना?"

"हो."

"मग त्याला सगळे घाबरतात का?"

मोबाईलवर झोरो घोड्यावर थांबलेला होता, अजून तासाभराचा सिनेमा बाकी. त्याने तो खिशात टाकला आणि खेळ्यांच्या मागे पुढच्या घराकडे गेला.