शंभरांतील तेरा

शास्त्रज्ञांचे निबंध वाङ्मयाच्या दृष्टीनें तपासण्याची चाल आपल्याकडे नाहीं. तथापि ज्या लेखनांत कर्त्याचा स्वभाव व कार्याचें मोल एकदमच प्रकट होतें, तें टीकेस पात्र आहे असें आम्ही समजतों. अमेरिकन वैद्य डॉ. ई. डॉनल टॉमस (1920–2012) यांचे अस्थिमज्जारोपणावरील निबंध या कोटींतील होत.

1957 सालचा निबंध पाहा. किरण व औषधें यांनीं रोग्याची बिघडलेली मज्जा नष्ट करावयाची व दुसऱ्याची निरोगी मज्जा शिरेवाटे द्यावयाची, ही मूळ कल्पना. रोगी सहा, मज्जा रुजली दोघांत, तीही तात्पुरती, शंभर दिवसांपलीकडे एकही जगला नाहीं. हें अपयश डॉ. टॉमस यांनीं न झांकतां मांडलें. पुढें इतर अनेकांनीं हा मार्ग सोडला. ते मात्र कुत्र्यांवर प्रयोग करीत राहिले. 1963 मध्यें ते सिॲटलला गेले, आणि भावंडांच्या पेशी जुळवून पाहण्याची विद्या हातीं येतांच पुन्हा रोग्यांकडे वळले. 1977 सालीं, सर्व उपाय थकलेल्या रक्तकर्करोगाच्या 100 रोग्यांचा हिशेब त्यांनीं प्रसिद्ध केला. त्यांतील 13 रोगमुक्त होऊन जिवंत होते.

भाषा कोरडी, पण स्वच्छ आहे. त्यांच्या पत्नी डॉरथी मूळच्या वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थिनी; त्या प्रयोगशाळेंत राबत व पतीचे निबंधही तपासून देत. या स्वच्छतेंत त्यांचा वाटा असावा.

उणीव एकच, पण मोठी. उरलेले 87 कोण होते, त्यांनीं काय सोसलें, याचा मागमूस नाहीं. शास्त्रीय निबंधांत तो नसावा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु 1990 सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना दिलेल्या व्याख्यानांत, जेथें सत्तर वर्षांचा मनुष्य मागें वळून पाहतो, तेथेंही प्राण्यांवरील प्रयोगांचें ऋण स्पष्ट मान्य केलेलें आढळतें. रोग्याचा आवाज मात्र ऐकूं येत नाहीं.

तरीही हा कोरडा हिशेब निष्फळ नव्हता. 1979 सालीं त्यांच्याच मंडळींनीं ताळा केला, तेव्हां असें दिसलें कीं, ज्यांच्या शरीरावर परकी मज्जा उलटली, त्यांच्यांत कर्करोग कमी वेळां परतला. म्हणजे रोपलेल्या पेशीच रोगाशीं लढत होत्या! आजच्या पेशी-चिकित्सेच्या पाठीशीं हाच विचार आहे. 2012 सालीं फिलाडेल्फियांत एका लहान मुलीस तिच्याच पांढऱ्या पेशी, कर्करोग ओळखण्यास शिकवून, परत देण्यांत आल्या व ती बरी झाली. 2017 मध्यें त्या उपचारास अमेरिकन सरकारनें मान्यता दिली. मृतांची नोंद कोणी प्रामाणिकपणें ठेवली नसती, तर हा मार्ग उजेडांत येण्यास किती विलंब लागला असता!

आपल्याकडील चरित्रांत नायकाच्या यशाचीच यादी असते. त्या लेखकांनीं डॉ. टॉमस यांच्यापासून अपयश मोजण्याची शिस्त घ्यावी, आणि त्यांनीं न सांगितलेलें सत्त्याऐंशींचें दुःखही सांगावें, अशी आमची सूचना आहे.