उसना प्रणय आणि वाचकाचा कौल

एखाद्या ललितकृतीचें बीज परकीय आहे असें सिद्ध झालें, कीं तिच्यावरील खटला निकालांत निघाला, अशी आपल्याकडील टीकाकारांची एक जुनी समजूत आहे. कै. ना. सी. फडके यांच्यावर उसनवारीचा आरोप वारंवार झाला, आणि तो अगदींच निराधार होता असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांची पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर!' (१९१७) ही मेरी कॉरेली या इंग्रज लेखिकेच्या 'टेंपोरल पॉवर' वर आधारलेली होती. परंतु हरिभाऊ आपट्यांनींही 'मधली स्थिति' (१८८५) लिहितांना रेनॉल्ड्सचा आधार घेतला होता. आणि त्याच लेखणींतून पुढें 'पण लक्षांत कोण घेतो!' मधील यमू अवतरली. किंबहुना ज्या वाङ्मयप्रकाराला आपण 'कादंबरी' म्हणतों, त्याचें नांवच बाणभट्टाच्या प्रणयकथेवरून आलेलें आहे. खरा प्रश्न हा, कीं बाहेरून आणलेलें रोप आपल्या मातींत रुजलें कीं नाहीं. आणि याचें उत्तर टीकाकारापेक्षां वाचकाजवळ अधिक असतें.

फडक्यांचा जन्म १८९४ सालीं आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत येथें झाला. पावसानें वारंवार हुलकावणी द्यावी असा हा तालुका. या जिल्ह्यांत अध्यापन करणाऱ्या आम्हांला, त्यांच्या प्रणयकथा इथल्या वाचकाला कशा वाटतात, हें जाणण्याची म्हणूनच विशेष उत्सुकता होती. गतवर्षीं वर्गांत 'दौलत' (१९२९) चर्चेला घेतली. बहुतेकांची तक्रार ठरलेली निघाली: या जगांत प्रसन्न संध्याकाळ आहे, पण दुष्काळ नाहीं, पोटापाण्याची विवंचना नाहीं. ही तक्रार आम्ही स्वतः वीस-पंचवीस वर्षें वर्गांत सांगत आलों आहों. मुलांनीं ती आमच्याच टिपणांतून उचलली असावी!

मात्र कर्जतकडचीच एक विद्यार्थिनी म्हणाली, "दुष्काळ आम्ही घरीं पाहतोंच, सर. त्यासाठीं पुस्तक कशाला उघडायचें? इथें मुलीला कोण आवडतें याला महत्त्व आहे. आमच्याकडे तें कोणी विचारीतच नाहीं."

आम्ही निरुत्तर झालों. घरीं वृद्ध मावशींना हें सांगितलें, तेव्हां त्या हंसल्या. लग्नापूर्वीं त्यांनीं फडके चोरून वाचले होते. कथानक आतां आठवत नव्हतें. नायिका घराबाहेर पडतांना कोणाची परवानगी मागत नसे, एवढें मात्र आठवत होतें. ज्याला आम्ही जीवनापासूनचें पलायन म्हणत होतों, तें या दोघींना एका हक्काचें प्रथमदर्शन वाटलें होतें. आमच्या टिपणांत या वाचकांना जागा नव्हती, हा आमचा दोष आम्ही मान्य करतों.

तथापि वाचकाचा कौल मानणें म्हणजे लेखकाला निर्दोष सोडणें नव्हे. 'प्रतिभासाधन' (१९३१) लिहिणाऱ्या फडक्यांचें तंत्रावरील प्रभुत्व वादातीत आहे. परंतु तंत्रानें घातलेली गांठ तंत्रानेंच सुटते. गैरसमज दूर झाला, योगायोग जुळून आला, कीं प्रेमिकांची वाट मोकळी होते. आपट्यांच्या यमूला असें सुटतां आलें नाहीं. केशवपनाची विटंबना तिच्या वांट्याला आली, आणि म्हणूनच ती वाचकाच्या मनांतून जात नाहीं. प्रेमकथेंत आपल्या मातीचा वास असावा याचा अर्थ तिच्यांत दुष्काळाचें वर्णन असावें असा नव्हे. मुलीनें निवड केल्यावर घरांत, भावकींत आणि गांवांत तिला जें सोसावें लागतें, त्याचा हिशेब त्या कथेंत असावा, एवढेंच आमचें मागणें आहे. परकीय बीजाला तो हिशेब टाळतां येतो, हीच उसनवारींतील खरी उणीव होय.

पुस्तक परत करतांना त्या विद्यार्थिनीनें आपणहून सांगितलें, "आवडलें, सर. फक्त शेवट फार सोपा झाला." आमच्या टिपणांत आतां तिचें हें वाक्य आम्ही पहिल्या ओळींत घातलें आहे.