द्विपक्षीय श्रमकरार आणि कामगारांचे स्थलांतर : महाराष्ट्र व बाडेन-वुर्टेम्बर्ग यांच्यातील कराराची चिकित्सा

प्रस्तावना :
जागतिकीकरणाच्या प्रक्रियेत भांडवलाला व वस्तूंना जेवढी मोकळीक मिळाली, तेवढी श्रमाला मिळाली नाही. कामगाराच्या संचारावर व्हिसा, पात्रता व मुदत यांची बंधने कायम राहिली. दोन देशांतील श्रमकरार ही बंधने निवडकपणे शिथिल करतात. असे करार स्थलांतराला दिशा देतात, हे निर्विवाद आहे. मात्र ते कामगाराला संरक्षण देतात काय, हा प्रश्न वेगळा आहे. प्रस्तुत लेखात फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन व जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात झालेल्या कराराच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

ऐतिहासिक संदर्भ :
लेखी करारावर परदेशी जाणे मराठी माणसाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कोकणातील मजूर मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेले. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे 'गिरमिट' झाले, ते अशाच मजुरांच्या तोंडी. कागद होता, परंतु त्यातील अटी ठरविण्यात मजुराचा वाटा नव्हता.

जर्मनीचा स्वतःचा अनुभवही बोधप्रद आहे. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. कामगार ठरावीक काळ राबून परततील, अशी त्यामागील कल्पना होती. १९७३ मध्ये भरती थांबविण्यात आली. त्यानंतर अनेकांनी परतण्याऐवजी कुटुंबांना तेथे बोलावून घेतले. करार मनुष्यबळ मोजतो. येतात ती मात्र माणसे, हे त्यातून स्पष्ट झाले.

कराराचे स्वरूप व मर्यादा :
महाराष्ट्राच्या करारात प्रारंभी सुमारे १०,००० कुशल उमेदवार पाठविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांचा त्यात विचार झाला आणि जर्मन भाषेच्या मोफत प्रशिक्षणाची योजना शालेय शिक्षण विभागामार्फत आखण्यात आली. हा करार निराधार नाही. ५ डिसेंबर २०२२ रोजी भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतर व गतिशीलता भागीदारीचा करार झाला होता. त्यात नोकरी शोधणाऱ्यांसाठी दरवर्षी ३,००० व्हिसांची तरतूद आहे. तसेच अनधिकृतपणे राहणाऱ्यांच्या परतपाठवणीचीही आहे. प्रवेश व परतपाठवणी यांची सांगड घालणे हे अशा करारांचे वैशिष्ट्य होय.

पहिली मर्यादा घटनात्मक आहे. परराष्ट्रांशी करार आणि देशाबाहेरील स्थलांतर हे दोन्ही विषय केंद्रसूचीत आहेत. त्यामुळे राज्याला उमेदवार तयार करता येतो. व्हिसाची हमी देता येत नाही. तिकडे बाडेन-वुर्टेम्बर्गलाही व्हिसाचा अधिकार नाही. परंतु परदेशी परिचारिकेच्या पदवीला मान्यता देण्याचे काम जर्मनीत राज्यांच्याच यंत्रणेकडे असते. म्हणजेच राज्याराज्यांतील कराराचे खरे बळ पात्रता-मान्यतेत आहे. मान्यता लांबली, तर प्रशिक्षित परिचारिकेला साहाय्यक म्हणून कमी वेतनावर काम करावे लागते. १०,००० या आकड्याची जेवढी चर्चा झाली, तेवढी या मुद्द्याची झाली नाही.

दुसरी मर्यादा खर्चाची आहे. केरळमधील नोर्का रूट्स या संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मन संघीय रोजगार संस्थेशी परिचारिकांसाठी करार केला. त्या योजनेत भरतीचा भार उमेदवारावर टाकलेला नाही. महाराष्ट्राच्या योजनेचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावे. वर्ग मोफत असले, तरी भाषेची आवश्यक पातळी गाठेपर्यंत अनेक महिने जातात. त्या काळात बुडणारे उत्पन्न कोणी भरून काढावयाचे?

समारोप :
पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या परिसरातून आयटीआय वा परिचर्या अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशातील रोजगार ही मोठी संधी वाटते व ती नाकारण्याचे कारण नाही. तथापि करार दोन शासनांमध्ये होतो. कामगार त्यात पक्षकार नसतो. म्हणून पात्रता-मान्यतेची निश्चित कालमर्यादा, नियोक्त्याने खर्च उचलण्याची अट आणि मराठीतून तक्रार नोंदविण्याची सोय या तीन बाबी करारातच लिखित असाव्यात. महाविद्यालयांनीही भाषावर्ग चालवून थांबू नये. नोकरीचा करारनामा वाचण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांस द्यावे. किती कामगार गेले यावरून श्रमकराराचा विस्तार कळतो. त्याचे यश मात्र ते कोणत्या हक्कांनिशी गेले यावरूनच ठरेल.